एमएसचा थकवा: फोनला कामाला लावायचं कसं

एमएसच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, थकव्यासाठी ॲप शोधायला बसलं की निम्मी ताकद तिथंच जाते. खातं उघडा, ओटीपी टाका, इंग्रजीतले ढीगभर प्रश्न सोडवा, रोज रात्री वीस रकाने भरा. दोन दिवस उत्साह, तिसऱ्या दिवशी कंटाळा, आठवड्याभरात ॲप पडून. यात दोष माणसाचा नसतो. थकव्याची नोंद ठेवण्यानंच दमायला होत असेल तर ती टिकणार कशी? म्हणून इथं कुठलंही खास ॲप सुचवलेलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाच्या हातात जो साधा अँड्रॉइड फोन आहे, त्याच्याकडून तीन कामं करून घ्यायची: वेळेवर थांबवणं, लक्षात ठेवणं आणि डॉक्टरांना नेमकं सांगता यावं अशी माहिती साठवणं. मांडणी करायला एक संध्याकाळ, नोंदीला दोन आठवडे आणि सवय बसायला पुढचे दहा, असा साधारण बारा आठवड्यांचा हिशोब धरा.

फोन हातात घेण्याआधी

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. संदेश रेंगाळतात, आणि तेच काम करायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. हा झाला मूळ थकवा. त्याच्यावर दुसरा थर चढलेला असतो: रात्री तीनदा लघवीला उठणं, पायात येणारे गोळे, घोरणं, उदासी, अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड, आणि औषधं. मूळ थकवा पुसता येत नाही. वरचा थर मात्र बराचसा उतरवता येतो, म्हणून सुरुवात तिथून.

न्यूरॉलॉजिस्टना किंवा फॅमिली डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदा तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, आणि नसलेल्या आजाराचे उपचार सुरू होतात. चालू औषधांची यादीही दाखवा. स्नायूंचा ताठरपणा आणि नसांचं दुखणं यांवरच्या बॅक्लोफेन, टिझॅनिडीन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांनी गुंगी येते. एमएसवरच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर फ्लूसारखी कणकण येते. डोस किंवा वेळ बदलून फरक पडू शकतो, पण तो बदल डॉक्टरांनीच करायचा. बॅक्लोफेन मनानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे.

"थकव्यावर एखादी गोळी नाही का?" हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. अमांटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तीन औषधं १४१ रुग्णांवर औषध नसलेल्या नुसत्या गोळीशी ताडून पाहिली गेली. २०२१ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात तिन्हींपैकी एकही त्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. २०२४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ३३६ जणांना १२ आठवडे मोडाफिनिल, फोनवरून दिलेली वर्तनोपचाराची सत्रं किंवा दोन्ही मिळून दिलं. तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच झाली. म्हणजे फोनवरून शिकलेल्या सवयींचं वजन गोळीपेक्षा कमी भरलं नाही. पुढचं सगळं या सवयींबद्दल आहे.

एका संध्याकाळची मांडणी

हे काम घरातल्या तरुण मुलाला किंवा सुनेला करायला सांगा. रुग्णानं शेजारी बसून फक्त "हे नको, ते ठेव" म्हणायचं.

अक्षर मोठं करा. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली असेल तर काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं, दोन्ही लावून बघा. एकाला जे सोपं जातं ते दुसऱ्याला जात नाही. कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करण्याची सोय चालू करा. बोटं बधिर असतील तर पुढचं सगळं तोंडानंच होईल. मग व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करा, सोसायटीचा, शाळेचा, भावकीचा, सगळे. प्रत्येक 'टिंग'ला मेंदू हातातलं काम सोडून पुन्हा त्यावर येतो, आणि एमएसमध्ये ही ये-जा महाग पडते.

आता गुगल फॉर्म्समध्ये नवा फॉर्म उघडा आणि फक्त चार प्रश्न घाला.

१. आत्ता थकवा किती? लिनिअर स्केल, ० ते १०. शून्य म्हणजे ताजंतवानं, दहा म्हणजे उठवत नाही.
२. गेल्या दोन-तीन तासांत काय केलं? चेकबॉक्स: स्वयंपाक, आंघोळ, बाहेर जाणं, ऑफिस किंवा स्क्रीन, माणसांत बसणं, व्यायाम, आडवं पडणं.
३. उकाडा? थंड, बरं, उकडतंय.
४. काही सांगायचंय? मोकळी जागा, बोलून भरायची.

पहिला प्रश्न तेवढा 'रिक्वायर्ड' ठेवा. तारीख-वेळ विचारू नका, ती आपोआप नोंदवली जाते. 'रिस्पॉन्सेस'मध्ये जाऊन फॉर्म गुगल शीटला (तक्त्याला) जोडा, म्हणजे प्रत्येक नोंद शीटमध्ये एका ओळीत पडेल. फॉर्मची लिंक क्रोममध्ये उघडून तीन टिंबांतून 'होम स्क्रीनवर जोडा' करा. चिन्हावर बोट, आकड्यावर बोट, सबमिट: वीस सेकंदांच्या वर वेळ लागत असेल तर एखादा प्रश्न काढून टाका. पाचवा प्रश्न वाढवायचा मोह मुलांना हमखास होतो. होऊ देऊ नका.

नोंदीची आठवण करायला घड्याळातले साधे गजर लावा: सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. रिमाइंडरची वेगळी ॲप्स नकोत. बरेच फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालणारी ॲप्स बंद पाडतात आणि आठवण येतच नाही. घड्याळाचा गजर मात्र वाजतो. मनगटावर थरथरणारं घड्याळ असेल तर ते बधिर नसलेल्या हातावर बांधा. हे सांगायला लागू नये, पण डाव्या मनगटाची सवय सुटत नाही आणि "घड्याळ वाजतच नाही" अशी तक्रार येते.

शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी ठेवू नका. घरातल्या एकाच्या ईमेलला फक्त बघायची परवानगी द्या. आजाराची नोंद आहे ती, तिला बँकेच्या पासबुकासारखंच जपायचं.

चौदा दिवस: बदल काही करायचा नाही

या दोन आठवड्यांत सुधारायचा प्रयत्न करू नका. आहे तसं जगा आणि आकडा दाबा. एखादी नोंद चुकली तर मोकळी सोडा. रात्री बसून दिवसभराचं आठवून भरलेले आकडे खोटे असतात, कारण दिवसातला सगळ्यात वाईट तास आणि शेवटचा तास तेवढाच डोक्यात राहिलेला असतो. रोज चारपैकी तीन नोंदी झाल्या तरी पुरे.

पहिल्या दिवशी आणखी एक काम: थकव्याच्या परिणामाची एमएफआयएस नावाची प्रश्नावली डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून घेऊन भरा. २१ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८४. बेरीज ३८ किंवा जास्त आली तर थकवा रोजच्या जगण्यात चांगलाच आडवा येतोय असं साधारण धरतात. प्रश्न गेल्या चार आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे ही दर आठवड्याला भरण्यात अर्थ नाही. आता एकदा, बाराव्या आठवड्यात एकदा.

पावलं मोजायचीच असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: फोन फडताळावर आणि बाई स्वयंपाकघरात, म्हणजे पावलं शून्य. साडीला खिसा नसतो हे फोन बनवणाऱ्यांच्या गावी नाही. काठी किंवा वॉकर धरून चालणाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळही कमी मोजतं. आमचा सल्ला, पावलं सोडून द्या.

शीट वाचायची कशी

सात आणि वरचे आकडे कंडिशनल फॉरमॅटिंगनं लाल करा. मग शीट थोडी लांबून बघा आणि तीन गोष्टी शोधा.

लाल खुणा ठराविक वेळेला येतात का? बऱ्याच जणांचा दुपारनंतरचा वेळ पडका असतो. लाल खुणांच्या शेजारी 'उकडतंय' सापडतं का? आणि सगळ्यात कामाचं: लाल दिवसाच्या आदल्या दिवशी काय होतं? तिथं बहुतेक वेळा 'बाहेर जाणं, माणसांत बसणं, स्वयंपाक' असा भरगच्च दिवस आणि दोन-तीनचे छान आकडे दिसतात. चांगलं वाटलं म्हणून साठलेलं सगळं उरकून घेतलं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे एका शब्दात कळतं: उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. आजची उचल घेतली ती उद्याच्या खात्यातून, आणि वसुली व्याजासकट होते.

थांबायची वेळ मोजून काढणं

उचल घ्यायची नाही, तर मुळात आपली ऐपत किती हे कळायला हवं. रोजचं एक काम निवडा, समजा ओट्यापाशी उभं राहून करायचं. स्टॉपवॉच लावा आणि थकवा सुरुवातीपेक्षा दोन अंकांनी वाढला की बंद करा. चांगल्या-वाईट दिवसांत मिळून असं पाच वेळा मोजा. २५, ३०, १०, २०, १५ मिनिटं आली तर सरासरी २०. त्यातला पाचवा हिस्सा कमी केला की उरली १६, म्हणजे धरा १५. आता टायमर १५ मिनिटांचा. तो वाजला की बसायचं, दमलेलं नसलं तरी.

"दमलेलं नसलं तरी" इथंच बहुतेकांची गाडी अडते. टायमर वाजतो तेव्हा बरं वाटत असतं आणि "एवढं संपवूनच उठते" म्हणून बोट स्नूझवर जातं. टायमर हाताशी ठेवलात तर हे होणारच. फोन पलंगाशेजारी किंवा खुर्चीवर ठेवा, म्हणजे बंद करायला तिथं जावं लागेल, आणि गेलंच आहे तर बसणंही होईल.

विश्रांती म्हणजे दहा-पंधरा मिनिटं आडवं पडून डोळे मिटणं. रील्स बघत पडणं ही विश्रांती नाही, डोळे आणि मेंदू दोघंही कामावरच असतात. झोप लागणार असेल तर वीस-पंचवीस मिनिटांचा गजर, आणि दुपारी तीनच्या आत. नाहीतर रात्रीच्या झोपेवर डल्ला.

भाकरीचं उदाहरण घेऊ, कारण कोल्हापुरातल्या घरात सगळ्यात महाग काम बहुधा तेच असतं. उभं राहायचं, पीठ तळहातानं रगडायचं, तव्याची धग तोंडावर, आणि गॅसची ज्योत हलते म्हणून पंखा बंद. एमएसला नको असलेलं सगळं एका ओट्यावर. "पीठ आदल्या रात्री मळून ठेवा" हा पुस्तकी सल्ला इथं चालत नाही. ज्वारीचं पीठ ठेवलं की भाकरी थापताना चिरते. मग काम तोडायचं. परात जेवणाच्या टेबलावर, बसून, पंख्याखाली थापायचं. तव्यावर टाकणं, पाणी फिरवणं, उलटणं आणि फुगवणं दुसऱ्या कुणीतरी. चार भाकऱ्या झाल्या की टायमर, बाकीच्या दुसऱ्या खेपेला. आणि हे सकाळी आठच्या आत, दुपारी बाराला नाही. शेकायला माणूस नसेल तर आठवड्यातले तीन दिवस भाकरी विकत आणायची. त्यात कमीपणा कसला?

दोन आठवडे १५ मिनिटं सलग जमली, आणि दुसऱ्या दिवशीचे आकडे चढले नाहीत, तरच १७ करा. एकदम २५ नाही.

मोठ्या खर्चाचे दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये लाल रंगानं टाका: लक्ष्मीपुरीतला बाजार, सीपीआर रुग्णालयाची ओपीडी, नवरात्रात अंबाबाईचं दर्शन, जोतिबाच्या पायऱ्या. एका दिवशी एकच लाल, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी. मे महिन्यातलं लग्न म्हणजे उकाडा, गोंगाट, उभं राहणं आणि जागरण एकत्र. अक्षता किंवा जेवण, दोन्हींपैकी एक निवडा आणि यजमानांना आधी कळवा. तेवढा एक निरोप व्हॉट्सॲपवर तयार लिहून ठेवा. प्रत्येकाला नव्यानं समजावणं हेही खर्चाचंच काम आहे.

उकाडा

अंगाचं तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी एमएसची लक्षणं उफाळतात: नजर धूसर, पाय जड, डोकं सुन्न. आवरण गेलेल्या तंतूतून गरमीत संदेश जाणं अवघड होतं. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवलं, म्हणून याला उथॉफचं लक्षण म्हणतात. अंग थंड झालं की ते उतरतं. नव्यानं इजा होत नाही. हे माहीत नसलं की माणूस घाबरून हिंडणं-फिरणंच सोडतो.

फोनवर हवामान बघायचं ते तापमानासोबत आर्द्रतेसाठी. एप्रिलच्या कोरड्या उन्हात ओला पंचा मानेवर आणि पंख्याचा वारा छान काम करतात, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, हवाच ओली असते. पाणी उडत नाही आणि तोच पंचा नुसता चिकट होतो. तेव्हा थंड पाणी पिणं, पाय थंड पाण्याच्या बादलीत ठेवणं किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ चालतो. बधिर कातडीवर बर्फ थेट लावू नका, भाजल्यासारखी जखम होते आणि कळतही नाही. बाहेर जाण्याआधी अर्धा तास थंड पाणी पिण्याचा एक गजर लावा. लघवीच्या भीतीनं पाणीच तोडणारे अनेक असतात. त्यानं थकवा वाढतो आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळतं.

बंबातल्या कढत पाण्याच्या आंघोळीचा नाद सोडावा लागेल. न्हाणीघरात वाफ कोंडते आणि उठताना पाय साथ देत नाहीत. कोमट पाणी, बसायला स्टूल, दार आतून कडी न लावता, आणि आंघोळीनंतर लगेच दुसरं काम नाही.

हालचाल

थकवा आहे म्हणून पडूनच राहिलं की स्नायू उतरतात आणि तेच काम आणखी महाग होतं. चालताफिरता माणूस असेल तर आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू पोचायचं, पण सुरुवात दिवसाला पाच मिनिटांनीही चालते. सकाळी सातच्या आत रंकाळ्याच्या चौपाटीवर जा. पूर्ण फेरीची ईर्षा नको. जाताना टायमर निम्म्या वेळेचा लावा, तो वाजला की मागे फिरा. परतीचा रस्ता विसरणं ही इथली नेहमीची चूक, दहा मिनिटं छान गेलो आणि मग रिक्षा शोधत बसलो. व्यायामानंतर वाढलेली लक्षणं तासाभरात उतरली तर माप बरोबर. संध्याकाळपर्यंत रेंगाळली तर पुढच्या वेळी निम्मं करा. तोल जात असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तयार कार्यक्रमांतून काय उचलावं

इंग्लंडमध्ये 'फॅसेट्स' नावाचा कार्यक्रम आहे: आठवड्याला एक, अशी दीड-दीड तासाची सहा सत्रं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६४ जणांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. जर्मनीत 'एलेविडा' हा संगणकावर एकट्यानं करायचा कार्यक्रम आहे. २७५ जणांवरचा त्याचा अभ्यास २०१८ मध्ये आला, तोही अनुकूल. दोन्हींत ताकदीचा हिशोब आहे, झोप आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे जी शीटमध्ये मावत नाही: विचार. "आज दमलो म्हणजे आजार वाढला." "मी बसले तर लोक आळशी म्हणतील." असा विचार आला की फॉर्मच्या चौथ्या रकान्यात तो जसाच्या तसा बोलून टाका. आठवड्यानं वाचा आणि शेजारच्या नोंदींशी ताडा: त्या दिवशी खरंच आजार वाढला होता, की आदल्या दिवशीची वसुली होती? उदासी दोन आठवडे हटत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, डॉक्टरांनाही सांगाच.

एकट्यानं फोनशी झुंजण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कुणीतरी "शीट काय म्हणते?" एवढं विचारणारं असावं. बहीण चालेल, मैत्रीण चालेल. "अगं, हे का नाही भरलंस" म्हणणारं माणूस मात्र नको.

डॉक्टरांकडे आणि ऑफिसात

अख्खी शीट डॉक्टरांपुढे धरू नका, कुणी वाचत नाही. एका पानावर चार ओळी: दिवसाची सरासरी, वाईट वेळ, कशानं चढतं, एमएफआयएसची बेरीज. नव्या किंवा बंद केलेल्या औषधाची तारीख पाचव्या ओळीत.

एक गोष्ट मात्र अपॉइंटमेंटची वाट बघत ठेवायची नाही. ताप किंवा संसर्ग नसताना नवं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, मग ती एका डोळ्यातली अंधारी असो की पायातलं बळ जाणं, तर न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी फोन. लघवी तुंबली तर २४ तासही थांबायचं नाही. थकवा एकाएकी दुप्पट झाला असेल तर थर्मामीटर लावा आणि लघवी तपासा. बरेचदा चोर तिथं सापडतो.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि सरकारी आस्थापनांवर वाजवी सोय करून देण्याचं बंधन आहे. "मला थकवा येतो" एवढंच लिहिण्यापेक्षा "दुपारी २ नंतर काम मंदावतं, १५ मिनिटं आडवं पडायची जागा आणि पंख्याजवळचं टेबल मिळावं" असं शीटवरून लिहिलेलं मागणं साहेबालाही नाकारणं जड जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचं पुण्यात केंद्र आहे. अशी पत्रं लिहिलेली माणसं तिथं भेटतात.

बारावा आठवडा

एमएफआयएस पुन्हा भरा. दोन-तीन गुणांच्या फरकानं हुरळून जायचं नाही आणि खचायचंही नाही. त्यापेक्षा शीटमध्ये लाल खुणा आठवड्याला किती येतात ते पहिल्या पंधरवड्याशी ताडा. सलग लाल दिवस तुटले असतील तर मांडणी लागू पडली, मग सरासरी फारशी हलली नसली तरी चालेल. नोंदीचे चारही गजर बंद करा, फॉर्मचं चिन्ह होम स्क्रीनवरून काढा. थांबायचा टायमर आणि दुपारच्या विश्रांतीचा गजर तेवढे ठेवा. शीट मात्र पुसू नका; मार्चमध्ये उन्हाळा लागला की आणि जूनमध्ये हवा बदलली की एकेक आठवडा पुन्हा भरायची आहे.